रणाच्या अलीकडे

"शेटे मावशी, तुम्ही जरा बाजूला थांबता का?"

हर्षद असं म्हणाला तेव्हा माझा एक पाय बसच्या पायरीवर होता. त्याच्या हातात ते कपाळावर रोखायचं तापाचं पिस्तूल होतं, आणि त्यातला आकडा मी स्वतः पाहिला होता. अगदी व्यवस्थित होता.

"अरे, ताप नाहीये मला. बघ की."

"ताप नाहीये मावशी. पण खोकला आहे ना तुम्हाला."

"कोणाला? मला?"

माझ्या मागे रांगेत उभी असलेली मंडळी दोन-दोन पावलं मागे सरकली. मास्क नाकावर चढले. आदल्या संध्याकाळी यातल्याच एका बाईंनी माझ्याकडून आवळासुपारी मागून घेतली होती.

"काल ठसका लागला होता रे मला! चिवड्यातला दाणा अडकला. सगळ्या बसने पाहिलंय."

"मला पटतंय हो मावशी," हर्षद हळू आवाजात म्हणाला. आमच्या सहल कंपनीचा हा टूर मॅनेजर, तिशीतला, एरवी चेष्टामस्करीत सगळ्यांच्या पुढे. आज तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. "पण तक्रार आलीये. लोक घाबरलेत. आजच्या दिवस इथं भुजलाच थांबा. तपासणी करून घेऊ. निगेटिव्ह आलात की उद्या जेवणाच्या आत तुम्हाला जीपने रणाजवळ धोरडोला आणतो. पौर्णिमा उद्या आहे. तुमचं रण चुकणार नाही, शब्द देतो."

"तक्रार कोणाची?"

"नाव नका ना विचारू."

नाव विचारायची गरजच नव्हती. आमच्या मागच्या सीटवर धारप म्हणून एक गृहस्थ बायकोबरोबर बसायचे. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गळ्यात अडकवून फिरायचे, आणि कोणी शिंकलं तरी त्याच्याकडे वळून असे बघायचे की शिंकणाऱ्याने माफीच मागावी. माझ्या ठसक्याच्या वेळीही ते सीटवरून अर्धे उठले होते.

क्लीनरने बसच्या पोटातून माझी बॅग काढून फुटपाथवर ठेवली. मी शरयूची वाट बघत होते. ती आधीच चढून तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली होती, आणि पर्समध्ये काहीतरी शोधत होती. ती उतरणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. उलट तिला कसं समजवायचं, 'तू जा गं, उद्या येतेच आहे मी', हीच वाक्यं मी मनात जुळवत होते.

तिने काच सरकवली. "प्रमे, औषध वेळेवर घे हं. काळजी घे."

काच बंद झाली आणि बस निघून गेली. कसलं औषध, मला कळेना. मला रक्तदाबाची गोळीसुद्धा नव्हती.

शरयू कोतवाल मला कंपनीने दिली. एकट्या बाईने सहलीचं नाव नोंदवलं की कंपनी तिला खोलीत दुसरी एकटी बाई जोडून देते. मी साताऱ्याची, टेलिफोन खात्यात जन्म काढलेला, लग्न केलं नाही. ती नाशिकची, नवरा अवेळी गेलेला, एकुलता मुलगा मेलबर्नला. राजस्थानच्या सहलीत आम्हाला एका खोलीत टाकलं. पहिल्याच सकाळी तिने स्वयंपाकाच्या तंबूच्या दिशेने नाक वर केलं आणि म्हणाली, "मोहरी जाळली मेल्याने. आज आमटी घेऊ नका." खरंच आमटी कडू होती. त्या नाकावर मी फिदा झाले. पुढे दर वर्षी हिवाळ्यात एक सहल, खोली एकच, तिचा पलंग खिडकीकडचा. घोरण्यावरून भांडलो, पदरचे लाडू वाटून खाल्ले. ती मला भावाबहिणींपेक्षा जास्त ओळखायची, आणि मला त्याचं फार अप्रूप होतं.

कच्छचं पांढरं रण पौर्णिमेला बघायचं हे तिचं जुनं खूळ. सूर्य एकीकडे बुडतो, चंद्र दुसरीकडे उगवतो, आणि मध्ये नुसतं मीठ. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये आम्ही बॅगा भरून बसलो होतो, तेवढ्यात सगळा देशच बंद झाला. त्यानंतर दोन वर्षं मी साताऱ्यात, ती नाशकात, आणि रोज रात्री फोन. "प्रमे, जिवंत आहेस ना?" "आहे. रण बघायचं राहिलंय." हा आमचा ठरलेला संवाद.

अखेर जानेवारी बावीसमध्ये निघालो. तेव्हा तिसरी लाट अंगावर येत होती, पण आता थांबायचं नाही असं शरयूने ठरवलंच होतं. मुलगा केदार एप्रिलमध्ये तिला कायमची मेलबर्नला नेणार होता. नाशिकचं घर विकायला काढलं होतं. ही तिची शेवटची सहल. केदारने 'अजिबात जायचं नाही' म्हणून बजावलेलं, म्हणून तिने त्याला सांगितलं, 'मी आठ-पंधरा दिवस प्रमिलाकडे साताऱ्याला राहायला जातेय.' मलाही तसंच सांगायची तंबी होती. मला खोटं बोलायला आवडत नाही, पण शरयूसाठी बोलायचं म्हटल्यावर त्यातही जरा मजाच वाटली होती.

सहल मात्र पूर्वीची राहिली नव्हती. आमच्या कंपनीचा एक नियम होता, रोज सकाळी प्रत्येकाने एक रांग मागे सरकायचं. आज पुढे बसलेला उद्या त्याच्या मागच्या सीटवर, शेवटचा एकदम पुढे. या सरकण्यावरून भांडणं व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे, आणि त्यातूनच ओळखी व्हायच्या. सहल संपेपर्यंत अख्ख्या बसला एकमेकांच्या सुनांची नावं पाठ झालेली असायची. आता हर्षदने पहिल्याच दिवशी सांगितलं, जी सीट मिळाली तीच शेवटपर्यंत. गाण्याच्या भेंड्या बंद, खाऊचे डबे फिरवणं बंद. त्यामुळे पुढच्या माणसाचं टक्कल आणि मागच्या माणसाचा आवाज, एवढीच काय ती ओळख. कोणी खोकलं की अख्खी बस गप्प व्हायची आणि आवाज कुठल्या रांगेतून आला याचा अंदाज घ्यायची. तरी शरयू शेजारी होती, म्हणून चाललं होतं.

तर भुजला आम्ही उतरलो होतो त्या लॉजमध्ये मी एकटी दिवसभर बसून राहिले. एक मनुष्य येऊन नाकात काडी घालून गेला. पोऱ्याने जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं, बेल वाजवली आणि पळाला. मी धारपांना मनातल्या मनात जितके म्हणून शब्द येतात तितके वाहिले. टेलिफोन खात्यात लोकांच्या शिव्या ऐकण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे साठा मोठा होता.

दुपारी फोन वाजला. केदार होता.

"मावशी, आई कुठाय? तिचा फोनच लागत नाहीये."

"झोपलीये रे. आमच्याकडे रेंजची बोंबच आहे, तुला माहितेय."

"तिचा आवाज परवा बसलेला वाटला मला. बरी आहे ना?"

"उत्तम आहे. काल माझ्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या."

"तू आहेस म्हणून मला काळजी नाही बघ," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि मला हसू आलं. शरयूला सांगायला एक छान गोष्ट मिळाली असं वाटलं.

दुसऱ्या सकाळी हर्षदचा फोन आला. "मावशी, निगेटिव्ह! जीप खाली येतेय." मी पोरीसारखी जिना उतरले. रस्ताभर खिडकी उघडी ठेवून वारा खाल्ला. दोन्ही बाजूंना उजाड, खारट माळ आणि मधूनच म्हशींचे कळप. त्या प्रवासात मला फार दिवसांनी जुना आनंद झाला, कशाचीच भीती नसलेला. तो तसा नंतर पुन्हा झाला नाही.

धोरडोजवळ आमचा मुक्काम भुंग्यांमध्ये होता, म्हणजे तिकडच्या मातीच्या गोल झोपड्यांमध्ये. अंगणात मांडवाखाली पंगत बसली होती. मी पोचले तशी दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. मी थेट धारपांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"निगेटिव्ह आहे मी. आता झाली का शांती?"

त्यांनी घास खाली ठेवला. "मला का विचारताय?"

"तुम्हीच तक्रार केली ना हर्षदकडे? ठसका आणि खोकला यातला फरक या वयात कळायला हवा."

"बाई, मी कशाला करू? तो ठसकाच होता. दाणा माझ्या बुटावर येऊन पडला, तुमची शपथ." म्हातारा चिडला होता, पण खोटं बोलत नव्हता. "खोकल्याचा आवाज येत होता तुमच्या सीटवरून, हे खरं. दोन दिवस येत होता. हर्षदने परवा संध्याकाळी विचारलं, नक्की कोण खोकतंय. तेव्हा तुमच्या मैत्रिणीच म्हणाल्या, प्रमिला रात्र-रात्र खोकते, मला झोप नाही. मला खरं तर त्यांची दया आली."

मी वळून शरयूकडे पाहिलं. ती पंगतीच्या टोकाला बसली होती. खीर वाढली होती आणि सगळ्यांच्या वाट्या तशाच बाजूला सरकवलेल्या होत्या. दूध खाली लागून पार करपलं होतं, मांडवाच्या बाहेरपर्यंत वास येत होता. एक बाई नाकाला पदर लावून हर्षदला बोलत होत्या. शरयू मात्र शांतपणे चमच्याने खीर खात होती. वाटी संपवली, वाढप्याला हात केला आणि म्हणाली, "आण रे अजून थोडी. छान झालीये."

मोहरीच्या एका जळक्या दाण्याचा वास घेणारी बाई ती. मला उभ्याउभ्या सगळं समजलं.

हात धुवायला ती मागच्या बाजूला गेली तेव्हा मी तिला गाठलं.

"कधीपासून वास येत नाहीये तुला?"

ती नळाखाली हात धरून तशीच राहिली. मग म्हणाली, "हळू बोल."

"कधीपासून?"

"भुजला आलो त्या दिवसापासून. त्याआधी नुसती कसकस होती."

"आणि ते पिस्तूल? त्याच्यात ताप कसा नाही आला?"

"चहाबरोबर गोळी घेते." तिने नळ बंद केला. "खोकला आला की बाथरूममध्ये नळ सोडून खोकायचे. बसमध्ये मात्र आवरेना गं."

रोज सकाळी ती न्हाणीघरात किती वेळ लावते म्हणून मी तिची थट्टा केली होती. ते आठवून मला माझीच लाज वाटली.

"आणि म्हणून माझं नाव घेतलंस?"

"कोणाचं तरी घ्यावंच लागणार होतं, प्रमे. त्या सीटवर आपण दोघीच. हर्षद समोर उभा राहिला. एकीला तरी उतरावं लागणार होतं. तुझं काय, तुला काही झालेलंच नव्हतं. तू निगेटिव्ह येणार, दुसऱ्या दिवशी परत येणार. मला उतरवलं असतं तर संपलंच होतं."

"मला सांगितलं असतंस तर मी आपणहून उतरले असते. म्हटलं असतं, मलाच खोकला आहे."

"नसतीस म्हटली. तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

हे मात्र खरं होतं.

"दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं तर आकांडतांडव झालं असतं," ती म्हणाली. "तू नाही करणार हे मला माहीत होतं. तू माझ्यावर रागावशील, दोन दिवस बोलणार नाहीस, आणि मग विसरशील. मी तुला ओळखते." ती हे प्रेमाने म्हणाली. मला तेच सोसेना. इतकी वर्षं जे ओळखणं मी जपून ठेवलं होतं, ते तिने नेमकं हातात धरून माझ्यावरच वापरलं होतं.

"बसमध्ये तुझ्या शेजारी कोणाला बसवलंय?" मी विचारलं.

"धारपकाकूंना. मागे बसून त्यांना मळमळतं."

"त्यांना दमा आहे, शरयू. ते म्हातारबुवा ते यंत्र स्वतःसाठी नाही गळ्यात घालून फिरत. दर तासाला तिच्या बोटाला लावतात."

"मास्क आहे मला. दोन-दोन लावलेत." तिने माझा हात धरला. तळवा भाजत होता. "प्रमे, आजची एक संध्याकाळ. चार वाजता बस निघणार. उद्या सकाळी मी स्वतः हर्षदला सांगते. तिकडे मेलबर्नला माझं काय होणार आहे? सुनेच्या गाडीत मागे बसायचं आणि नातवाच्या शाळेच्या फाटकापर्यंत जायचं. आयुष्यातली शेवटची गोष्ट मागतेय तुझ्याकडे."

"मग बसमध्ये नको बसू. मी हर्षदला जीप मागते. आपण दोघी वेगळ्या जाऊ, काचा उघड्या ठेवून."

"आणि कारण काय सांगणार? खरं सांगावंच लागेल. मग त्याला वर कळवावं लागणार, आणि मला रणात कोण जाऊ देईल? तू सांगणार नाहीस. मला माहितेय."

मी हात सोडवून घेतला. मांडवात धारप बायकोसाठी संत्रं सोलत बसले होते, आणि ती मास्क हनुवटीवर ओढून एकेक फोड खात होती. मी हर्षदपाशी गेले. तो लगबगीने उठला. "मावशी, तुमची माफी मागायचीच राहिली."

"ते राहू दे," मी म्हटलं. "खोकला शरयूला आहे. तापही आहे. गोळ्या घेऊन बसतेय."

पुढचं सगळं पटापट झालं. शरयूला एका भुंग्यात बसवलं, धारपकाकूंच्या बोटाला यंत्र लागलं, बायका आपापली ताटं उचलून लांब गेल्या. हर्षदच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. "यांना भुजला न्यायला हवं. दवाखाना तिथंच. पण सोबत कोणाला पाठवू? मला बस सोडता येत नाही. आणि तुमची तर तपासणी झालीये मावशी, तुम्ही खुशाल रण बघा. मी स्वयंपाक्यांपैकी कोणाला तरी..."

अनोळखी स्वयंपाक्याबरोबर, तापाने फणफणलेली. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण तोंडातून 'नाही' निघालं नाही. "बॅग अजून जीपमध्येच आहे माझी," मी म्हटलं.

बस रणाकडे गेली आणि आम्ही उलट दिशेने निघालो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, ती मागे. सूर्य खाली येत होता. ती डोळे मिटून बसली होती. चंद्र वर आला तेव्हा आम्ही भुजच्या जवळ कुठल्याशा फाटकात उभे होतो, आणि समोर मालगाडी जात होती.

"तू असं करशील असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. त्या प्रवासातलं ते एकच वाक्य.

भुजला डॉक्टरांनी तिला खोलीत ठेवायला सांगितलं. आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. मी तिच्या दाराशी काढा ठेवायचे, पेज ठेवायचे, दार वाजवायचे आणि आपल्या खोलीत जायचे. भांडी रिकामी होऊन बाहेर यायची. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला नाही की मी उठून बसायचे. केदारला मीच फोन करून सगळं सांगितलं. म्हणजे, आजाराचं सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही. ती बरी झाल्यावर नाशिकहून तिचा पुतण्या गाडी घेऊन आला. निघताना तिने माझ्या दारावर टकटक केली नाही. खाली हॉर्न वाजला तेव्हा मला कळलं.

मी वाट पाहिली. ती म्हणाली होती ना, रागवायचं आणि विसरायचं, तशी मी खरंच तयार होते. एप्रिल आला, ती मेलबर्नला गेली. रात्रीचा फोन पुन्हा वाजला नाही. सुरुवातीला मी दोनदा लावला, तिने उचलला नाही. धारपकाकूंना काही झालं नाही, हे मात्र धारपांनी आवर्जून कळवलं.

गेल्या हिवाळ्यात मी ओडिशाच्या सहलीला गेले. आता सीटा पुन्हा रोज सरकतात, डबे फिरतात, आणि कोणी खोकलं तर शेजारी फक्त पाण्याची बाटली पुढे करतो. कंपनीने खोलीत सोबतीला नवी बाई दिली होती, नाशिकच्याच, वैजयंती उपासनी. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. गप्पिष्ट आणि मोकळ्या. पुरीच्या हॉटेलात कपडे कपाटात लावता लावता त्या म्हणाल्या, "खोलीतली सोबत चांगली मिळाली म्हणून बरं वाटलं हो. नाहीतर आमच्या भिशीतल्या एका बाईंना असा अनुभव आला होता की काय सांगू. आता त्या ऑस्ट्रेलियात असतात. कच्छला गेल्या होत्या, त्या साथीच्या दिवसांत. बरोबर इतक्या वर्षांची जिवलग मैत्रीण. यांना जरासा ताप काय आला, त्या मैत्रिणीने भर पंगतीत सगळ्यांना ओरडून सांगितलं. यांना तिथूनच परत पाठवलं, एकटीला."

"एकटीला?" मी विचारलं.

"एकटीला. आणि ती बया स्वतः मजेत बसमध्ये बसून पौर्णिमेचं रण बघून आली. भिशीत हे सांगताना त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. नाव कधी घेतलं नाही हो तिचं, खानदानी बाई." त्यांनी साडीची घडी कपाटात ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "माणसं कशी असतात बघा. तुम्ही तर इतक्या सहली केल्यात, पौर्णिमेचं रण बघितलंच असेल. खरंच तेवढं सुंदर असतं का हो?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "माझं बघायचं राहून गेलं."